एकच प्लॅन, दोघांना वेगळा रिझल्ट: यात जीन्सचा हात किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन मित्र, वय साधारण सारखं, दोघांनी एकाच वेळी एकच प्लॅन सुरू केला, आठवड्यात तीन दिवस वेट्स आणि दोन दिवस रनिंग, आणि चार महिन्यांत एकाचे दंड शर्टाच्या बाहीत मावेनात तर दुसरा होता तिथेच. त्या दुसऱ्याने मग लाळेचं सॅम्पल पाठवून डीएनए टेस्ट करून घेतली, रिपोर्टमध्ये आलं "एसीटीएन-३: एक्सएक्स, एन्ड्युरन्स टाइप", आणि आता तो विचारतोय की वेट्स सोडून देऊ का. जाता जाता अजून एक विचारलंय, मुलगी दहा वर्षांची आहे, तिचीही टेस्ट करून खेळ ठरवावा का.

वेट्स सोडू नका, मुलीची टेस्ट करू नका. एवढ्यावर समाधान होणार असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पण का ते सांगायचं तर जरा खोलात जावं लागेल, कारण खेळाडू आणि साधी नोकरदार माणसं अशी दोन्ही बरीच वर्षं ट्रेन करताना मला दिसतंय की या विषयात लोक एकतर "सगळं रक्तातच असतं" म्हणतात नाहीतर "मेहनत केली की काहीही होतं" म्हणतात, आणि दोन्हीकडची मंडळी अर्धवट बरोबर असतात.

आधी एक गोष्ट मान्य करू. तुमच्या आणि मित्राच्या रिझल्टमधला फरक खरा असू शकतो, तुम्ही आळशी आहात असं काही नाही. २००५ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, ५८५ जणांकडून १२ आठवडे फक्त एका हाताचा, तोही डावखुरा नसेल तर डाव्या हाताचा, व्यायाम करून घेतला. सगळ्यांना तोच प्रोग्राम, वर लक्ष ठेवायला माणसं. शेवटी मोजलं तर कोणाचा बायसेप्स ५९ टक्क्यांनी वाढलेला आणि कोणाचा वाढायच्या ऐवजी २ टक्क्यांनी कमीच झालेला. ताकदीत तर त्याहून मजा, शून्यापासून थेट २५० टक्क्यांपर्यंत वाढ. एकच प्लॅन आणि एवढा पसारा! त्यामुळे जिममध्ये "मी केलं म्हणजे तूही करू शकतोस" असं कोणी म्हणालं की मी नुसती मान हलवतो.

दमाच्या, म्हणजे स्टॅमिनाच्या बाबतीत असाच प्रकार हेरिटेज फॅमिली स्टडीत दिसला, क्लॉड बुशार यांच्या टीमचं हे काम या क्षेत्रातलं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं काम आहे. ९८ कुटुंबांतले ४८१ जण, आईवडील आणि त्यांची मोठी मुलं, सगळे आधी बैठ्या सवयीचे, त्यांना २० आठवडे आठवड्यातून तीनदा सायकल मारायला लावली. व्हीओटू मॅक्स, म्हणजे जीव तोडून मेहनत करताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, सरासरी साधारण ४०० मिलीलिटरने वाढला, पण काही जणांचा जवळजवळ हललाच नाही आणि काही जणांचा एक लिटरच्या वर गेला. आणि हा फरक कसाही विखुरलेला नव्हता, एका घरातली माणसं एकसारखी वाढत होती, दोन वेगवेगळ्या घरांमधला फरक हा एकाच घरातल्या माणसांमधल्या फरकाच्या अडीच पट होता. खाण तशी माती म्हणतात ते इथे अक्षरशः दिसलं.

पण याच अभ्यासातली एक गोष्ट लोक सांगायला विसरतात आणि मला तीच जास्त कामाची वाटते. सुरुवातीला कोणाचा स्टॅमिना किती होता आणि ट्रेनिंगने तो किती वाढला या दोन गोष्टींचा एकमेकांशी जवळपास संबंधच नव्हता. म्हणजे पहिल्या दिवशी दोन मिनिटांत धाप लागणारा माणूस पुढे झपाट्याने वाढणारा निघू शकतो आणि मुळातच फिट असलेला तिथेच अडकू शकतो. उपजत पातळी वेगळी आणि ट्रेनिंगला शरीर किती प्रतिसाद देतं ते वेगळं, दोन्हींत जीन्सचा वाटा आहे पण जीन्स बहुतेक वेगवेगळे. शाळेत पहिल्याच आठवड्याच्या ट्रायलवर पोरं निवडतात ना, तिथे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता तो "५० टक्के अनुवंशिक" वाला आकडा. व्हीओटू मॅक्सच्या प्रतिसादात अनुवंशिकतेचा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास काढला होता, आणि लगेच लोक म्हणतात की म्हणजे माझं अर्धं यश आईबाबांचं आणि अर्धं माझं. तसं नाहीये ते. हा आकडा एका गटातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो, तुमच्या एकट्याच्या शरीराबद्दल नाही. त्यातून सगळ्यांना अगदी सारखं ट्रेनिंग, सारखं खाणं, सारखी झोप दिली तर उरलेल्या फरकात जीन्सचा वाटा आपोआप मोठा दिसणार, आणि गटात अर्धे लोक घरी बसून राहणारे असतील तर तोच वाटा लहान दिसणार. जीन्स तेच, आकडा वेगळा.

बरं, तुमच्या रिपोर्टकडे येऊ. एसीटीएन-३ हा जीन अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रोटीन बनवतो, हे प्रोटीन फक्त फास्ट फायबरमध्ये असतं, म्हणजे स्प्रिंट मारताना, उडी मारताना, झटक्यात जड वजन उचलताना जे स्नायूतंतू कामाला लागतात त्यांच्यात. तंतूच्या आत ॲक्टिनचे धागे ज्या रेषेला बांधलेले असतात तिथे हे प्रोटीन बांधणीचं काम करतं. काही लोकांत या जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं असतं, सी च्या जागी टी, आणि त्यामुळे प्रोटीन बनता बनता ५७७ व्या जागी "थांबा" असा सिग्नल लागतो आणि प्रोटीन अर्धवटच राहतं. आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही कॉपी अशा आल्या की माणूस एक्सएक्स. जगात साधारण पाचातला एक माणूस असा आहे, दीडेक अब्ज लोक, आणि त्यामुळे त्यांना कुठलाही आजार होत नाही कारण त्याच घराण्यातलं अल्फा-ॲक्टिनिन-२ ते काम बऱ्यापैकी निभावून नेतं.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टीमने दाखवलं की टॉपच्या स्प्रिंटर आणि पॉवर खेळाडूंमध्ये एक्सएक्स फारच कमी सापडतात, आणि तिथून याला "स्पीड जीन" म्हणायला सुरुवात झाली आणि टेस्टचा धंदाही सुरू झाला. इथंच घोडं पेंड खातं. ऑलिंपिक फायनलला पोचणाऱ्यांत एक्सएक्स कमी आहेत यावरून उलटं, म्हणजे एक्सएक्स नसलेला वेगवान असणार, असं ठरत नाही. जगातले चार पंचमांश लोक एक्सएक्स नाहीत, तुमच्या बिल्डिंगमधले बहुतेक जण नाहीत, त्यातले किती जण शंभर मीटर ११ सेकंदांत पळतात? जमैकाच्या स्प्रिंटर्सची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यात एक्सएक्स अगदी मोजके निघाले, पण तिथल्या साध्यासुध्या लोकांतही तितकेच मोजके निघाले. आणि उलट बाजूने बघाल तर ऑलिंपिक पातळीचा एक स्पॅनिश लांबउडीपटू एक्सएक्स असल्याची नोंद आहे. आपल्यासारख्या सामान्यांत माणसामाणसांतल्या ताकदीच्या किंवा वेगाच्या फरकात या जीनचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या घरातला आहे, तो तुम्हाला वजनाच्या रॅकवर दिसणारसुद्धा नाही. म्हणजे रिपोर्टमधली ती ओळ खोटी नाही, पण तिच्यापुढे "म्हणून वेट्स तुमच्यासाठी नाहीत" हे जे जोडलंय ते मार्केटिंग आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका शितावरून अख्ख्या पंगतीची नाही करता येत.

२०१५ मध्ये स्पोर्ट्स जेनेटिक्समधल्या तज्ज्ञांच्या एका मोठ्या गटाने एकत्र निवेदन काढून हेच सांगितलं होतं, की बाजारातल्या थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या टेस्टचा टॅलेंट ओळखायला किंवा ट्रेनिंग ठरवायला उपयोग नाही. त्यानंतर डेटा भरपूर वाढलाय, पण माझ्या मते तुमच्या निर्णयापुरतं ते अजूनही लागू आहे.

एकाच जीनने सगळं बदललं अशी उदाहरणं नाहीतच असं नाही हां. फिनलंडचा ईरो मँटिरांटा, क्रॉस-कंट्री स्कीइंगवाला, ऑलिंपिकची सात मेडल्स, १९६४ ला इन्सब्रुकमध्ये १५ आणि ३० किलोमीटर दोन्ही जिंकला. त्याचं हिमोग्लोबिन इतकं जास्त असायचं की लोकांना संशय यायचा. १९९३ मध्ये कळलं की त्याच्या घराण्यात ईपीओ या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या हॉर्मोनच्या रिसेप्टरच्या जीनमध्ये बदल आहे, तांबड्या पेशी बनवायचा सिग्नल जिथे थांबायला हवा तिथे थांबतच नाही. म्हणजे बाकीचे जे इंजेक्शनने चोरून करतात ते याला जन्मतः मिळालेलं. तरी त्याच घरात तोच बदल असलेली इतरही बरीच माणसं होती आणि ती सगळी काही ऑलिंपिकला गेली नाहीत. तसंच मायोस्टॅटिन, स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावणारा जीन, तो बंद पडला की काय होतं ते बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांचा फोटो बघितलात तर समजेल. व्हिपेट जातीच्या शर्यतीच्या कुत्र्यांत एक कॉपी बिघडलेली असेल तर कुत्रं जास्त वेगात पळतं, दोन्ही बिघडल्या तर नुसतंच फुगलेलं दिसतं. माणसांत हे इतकं विरळ आहे की जिममध्ये कोणी "माझं मायोस्टॅटिन कमी आहे" म्हणाला तर विषय बदला.

बाकी सगळा शेकडो-हजारो जीन्सचा खेळ आहे, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. नुसत्या उंचीचं बघा, उंची ८० टक्क्यांच्या आसपास अनुवंशिक मानतात आणि ती मोजायला भिंतीवर पेन्सिलची रेघ पुरते, तरी २०२२ मध्ये ५० लाखांहून जास्त लोकांचा डीएनए बघितल्यावर तिच्याशी जोडलेल्या १२ हजारांवर जागा सापडल्या. खेळातला परफॉर्मन्स उंचीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे, आणि तो तुमच्या रिपोर्टने पंधरा-वीस जागा बघून सांगितलाय.

खरं सांगू का, जीन्सचा सगळ्यात मोठा परिणाम बघायचा तर लाळ लागत नाही, डोळे लागतात. ठेवण बघा. स्प्रिंटर बोल्ट साडेसहा फुटांच्या जवळपास, मॅरेथॉनवाला किपचोगे साडेपाच फुटांच्या आसपास, दोघांनी एकमेकांचा खेळ घेतला असता तर नावंही माहीत झाली नसती. उंच उडीतलं माझं आवडतं उदाहरण म्हणजे डोनाल्ड थॉमस आणि स्टेफान होल्म. होल्म स्वीडनचा, उंची १८१ सेंटीमीटर, या खेळाच्या मानाने बुटकाच, लहानपणापासून अक्षरशः हजारो उड्या मारून एकेक सेंटीमीटर चढत गेला आणि २००४ ला ऑलिंपिक गोल्ड घेतलं. थॉमस बहामाजचा, कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा, २००६ मध्ये उंच उडीला लागला आणि २००७ ला ओसाकात २.३५ मीटर मारून वर्ल्ड चॅम्पियन, होल्म मेडलच्याही बाहेर. ही गोष्ट सांगून लोक थांबतात, "बघा, जीन्स!" पण पुढचंही बघा ना, त्यानंतर इतकी वर्षं व्यवस्थित ट्रेनिंग करून थॉमसचा पर्सनल बेस्ट कुठे गेला तर २.३७, तोही २०१६ मध्ये. होल्मने इनडोअरला २.४० मारलेली आहे. उपजत पातळी आणि ट्रेनिंगने होणारी वाढ वेगळी असते म्हणालो ते हेच.

आता तुमच्या "होतो तिथेच" कडे. माझा अनुभव असा की "माझं शरीर रिस्पॉन्डच करत नाही" म्हणणाऱ्यांत बहुतेकांचा प्रॉब्लेम जीन्सचा नसतो, डोस कमी असतो किंवा मोजमाप चुकलेलं असतं. २०१७ मध्ये माँतेरो आणि लुंडबी यांनी हे फार छान दाखवलं. ७८ तरुणांचे पाच गट, आठवड्याला ६०, १२०, १८०, २४० आणि ३०० मिनिटं सायकल, सहा आठवडे. ६० मिनिटांवाल्यांत ६९ टक्के "नॉन-रिस्पॉन्डर" निघाले, १२० वाल्यांत ४०, १८० वाल्यांत २९, आणि वरच्या दोन गटांत एकही नाही. मग जे राहिले होते त्यांना अजून सहा आठवडे दिले आणि प्रत्येकाची आठवड्याला १२० मिनिटं वाढवली, तर सगळेच्या सगळे सुधारले. ज्यांना जीन्सनी मारलं असं वाटत होतं त्यांना जरा जास्त मात्रा हवी होती, बस. हो, आता जास्त मात्रा देऊनही सगळे सारखे होत नाहीत, कोणाला तेवढंच मिळवायला दुप्पट घाम गाळावा लागतो आणि हा अन्याय आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही.

मोजमापाचं बोलायचं तर व्हीओटू मॅक्सची टेस्ट आज आणि परवा केली तरी आकड्यात दोन-चार टक्क्यांचा फरक पडतो, त्यामुळे एकदा आधी आणि एकदा नंतर मोजून "काहीच वाढलं नाही" म्हणणं धाडसाचं आहे. मी काय करतो सांगतो. ठरलेला स्पीड, ट्रेडमिलवर शून्य चढ, सकाळची ठरलेली वेळ, आधी कॉफी नाही, २० मिनिटं आरामात पळायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी हार्ट रेट वहीत लिहायची. दर दोन आठवड्यांनी हेच. व्हीओटू मॅक्स हलला नसला तरी हा आकडा १५८ वरून १४६ वर आलेला मी किती वेळा बघितलाय, माणूस म्हणतो फरक नाही आणि हृदय म्हणतंय फरक आहे. वेट्सचं तसंच, आरशात बघू नका, सलग पाच रेप्स, म्हणजे पाच वेळा उचलता येईल ते वजन लिहा आणि दंडाचा घेर महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी टेप लावून. हेरिटेजमध्ये पण दिसलंच होतं की ज्याचा स्टॅमिना वाढला नाही त्याचं ब्लड प्रेशर किंवा इन्सुलिन सुधारू शकतं, सगळ्या गोष्टी एकत्र हलत नाहीत.

तुमच्या प्लॅनमध्ये मी एवढंच बदलेन: प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याला सध्या पाच-सहा सेट पडत असतील तर हळूहळू दहा-बारापर्यंत न्या, शेवटचे एक-दोन रेप्स खरंच जड जायला हवेत, प्रोटीन आणि झोप बघा, आणि १२ आठवडे बाकी काही बदलू नका. त्यानंतरही वही कोरीच राहिली तर रेप्सची रेंज बदलू, काही जण जड वजन कमी रेप्सवर वाढतात आणि काही हलक्यावर जास्त रेप्सने, ते करून बघूनच कळतं. मित्राशी तुलना मात्र बंद.

एक गोष्ट कमी बोलली जाते, व्यायाम करावासा वाटणं हेसुद्धा थोडंफार वारशात येतं. सात देशांतल्या ३७ हजार जुळ्यांच्या जोड्यांवरचा २००६ चा अभ्यास आहे, फावल्या वेळात व्यायाम करणं-न करणं यात अनुवंशिकतेचा वाटा बहुतेक देशांत अर्धा किंवा त्याहून जास्त निघाला. त्यामुळे ज्याला सकाळी उठून पळायला मजा येते त्याने न येणाऱ्याला फार शहाणपण शिकवू नये, दोघांना एकच किलोमीटर सारखा लागत नाही. ज्याला मुळात ओढ नाही त्याने इच्छाशक्तीवर भिस्त ठेवण्यापेक्षा सोबत, ठरलेली वेळ, आवडीचा खेळ असलं काहीतरी पकडावं. आणि वजनाबाबतीत एफटीओ जीनचं नाव ऐकलं असेल, दोन लाखांवर लोकांच्या डेटात दिसलं की हालचाल करणाऱ्यांत त्या जीनचा लठ्ठपणावरचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. व्यायाम जीन बदलत नाही, त्याचं ऐकलं किती जातं ते बदलतो.

आता जिथे अनुवंशिकता खरंच गंभीरपणे घ्यायची ती जागा, आणि गंमत म्हणजे त्या रिपोर्टमध्ये याच्यावर बहुतेक एक अक्षर नसतं. हृदय. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, साधारण ५०० जणांत एकाला असतो आणि बऱ्याच घरांत तो आईकडून किंवा वडिलांकडून मुलाला यायची शक्यता ५० टक्के असते. तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळतात त्यामागच्या मुख्य कारणांपैकी हे एक. दुसरं मार्फन सिंड्रोम, लांबलचक हातपाय, उंच शिडशिडीत शरीर, म्हणजे कोचला बघताक्षणी आवडेल अशी ठेवण, आणि आत महाधमनी कमजोर. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन, १९८४ ची ऑलिंपिक सिल्व्हर मेडलिस्ट, १९८६ मध्ये जपानमध्ये मॅचदरम्यान गेली, नंतर कळलं की मार्फन होता. त्यामुळे घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, पळताना कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, छातीत दुखलं असेल, तर प्लॅनचं वगैरे नंतर बघू, आधी कार्डिओलॉजिस्टकडे जा, ईसीजी आणि इको करून घ्या, गरज वाटली तर जेनेटिक टेस्ट ते सांगतील आणि ती वेगळी, डॉक्टरी टेस्ट असते.

दुखापतींचंही थोडंसं असंच, गुडघ्याचं एसीएल लिगामेंट तुटण्यात अनुवंशिकतेचा वाटा स्वीडनच्या जुळ्यांच्या अभ्यासात ६९ टक्क्यांच्या आसपास आला होता. टेस्टची गरज नाही, बहिणीचं किंवा वडिलांचं एसीएल गेलंय का एवढं विचारा आणि गेलं असेल तर उडी मारून नीट उतरायचा सराव वॉर्मअपमध्ये कायमचा टाका.

राहिली मुलगी. दहाव्या वर्षी जी पोरं पुढे दिसतात त्यातली बरीचशी फक्त लवकर वयात येणारी किंवा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली असतात, त्याला लोक टॅलेंट समजतात, चौदा-पंधराव्या वर्षी बाकीची पोरं वाढली की हा फरक विरघळतो. या वयात तिला दोन-तीन वेगळे खेळ खेळू द्या, पळणं-उड्या-फेकणं-पोहणं सगळं, आणि घरी यायला कुठल्या खेळातून उशीर करते ते बघा. टेस्टचा रिपोर्ट हातात आला की नुसता कागद राहत नाही, "तू पॉवर टाइप नाहीस" हे वाक्य आईबाबांच्या तोंडी बसतं आणि पोर ते ऐकतं. शिवाय डीएनए तिचा, पुढे तो कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर राहणार आणि कशासाठी वापरला जाणार हे ठरवायचं तिचं वय अजून झालेलं नाही. तिला किती उंची येईल याचा अंदाज हवाच असेल तर तुमची आणि तिच्या आईची उंची धरून काढा, त्याला पैसे पडत नाहीत. तुमची ती वही मात्र १२ आठवड्यांनी घेऊन या, हार्ट रेटचे आकडे तारखेसकट हवेत.